काटकसरीचे कीर्तन

केजच्या आठवडी बाजारापासून हाकेच्या अंतरावर भरलेल्या एका सभेत परवा एका विद्वान वक्त्यांनी ऋणमुक्तीचा जो सुलभ मार्ग उपस्थित स्त्रीवर्गास दाखविला, तो ऐकून घरी आल्यावर आमच्या घशाखाली भाकरी उतरेना. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे: कर्ज हे वाईट सवयींचे अपत्य आहे, सबब चहा सोडावा, तेलाची धार आवरावी, दिवे वेळेवर मालवावे, लग्नात बँड लावू नये, म्हणजे कर्ज आपोआप फिटते. अतिरिक्त चहा पित्तकारक आहे, एवढे त्यांच्या बाजूने आम्ही बिनतक्रार मान्य करतो.

दिव्यांचे काम भारनियमन करते. तेलाविषयी, ज्याने जन्मात कधी फोडणी घातली नाही त्याने बोलू नये. लग्नखर्चाचा आरोप तर दीडशे वर्षांचा शिळा आहे. 12 मे 1875 रोजी भीमथडी तालुक्यात सुप्याच्या बाजारात कुणब्यांनी सावकारांचे दस्तऐवज जाळले, तेव्हाही शहाण्या लोकांनी लग्नाच्या पंगतीकडेच बोट दाखविले होते. आणि पुढे चौकशीस बसलेल्या सरकारी मंडळासच लिहावे लागले की, या खर्चाला कारण म्हणून फाजील महत्त्व दिले गेले आहे. केज त्या काळी निजामाच्या मुलखात असल्यामुळे तो दंगा इकडे आला नाही. प्रवचन मात्र सरहद्द ओलांडून आले आणि मुक्कामालाच राहिले.

आमचे खरे भांडण आहे ते ज्याच्या अंगावर कर्ज त्याचे घर उधळे असलेच पाहिजे, या गृहीताशी. दसरा-दिवाळीच्या सुमारास या तालुक्यातील वाड्यावस्त्यांवरून जी जोडपी मुकादमाची उचल घेऊन कोल्हापूर-सांगलीकडे किंवा कर्नाटकात ऊसतोडीला जातात, ज्यांना माणसे न म्हणता ‘कोयता’ म्हणण्याची आपली रीत आहे, त्यांच्या कोपीत जाऊन वक्त्यांनी एकदा काटकसरीचा धडा द्यावा, अशी आमची नम्र सूचना आहे. पहाटेच्या अंधारात तीन दगडांच्या चुलीवर दिवसभराच्या भाकरी थापून फडात उतरणारी, डोक्यावर मोळी घेऊन गाडी भरणारी आणि संध्याकाळी उसाचे वाढे विकून त्या पैशांत मीठमिरची भागवणारी ती बाई उचलीतला रुपया जेवणावर खर्चू देत नाही. एक दिवस काम चुकले तर खाडा पडतो, म्हणून आजारपणही ती हंगाम संपून पट्टा पडेपर्यंत लांबणीवर टाकते. खाडा चुकविण्यासाठी गर्भाशयच काढून घेणाऱ्या बीड जिल्ह्यातील स्त्रियांची वार्ता 2019 साली विधिमंडळापर्यंत पोचली होती. त्यांपैकी कित्येकींनी शस्त्रक्रियेसाठीही कर्जच काढले होते. हिने आता आणखी कोणती सवय सोडावी, हे वक्त्यांनी सांगावे. चहाच ना?

बरे, चहाचाच हिशेब करू. दहा रुपयांचे दोन कप रोज वाचले तर महिन्याचे 600 रुपये होतात. आणि पन्नास हजारांच्या कर्जावर दरमहा शेकडा तीन या, आमच्या भागात कोणालाही नवलाचा न वाटणाऱ्या दराने व्याज होते 1500. म्हणजे आयुष्यभराचा चहा वर्ज्य करूनही दरमहा 900 रुपये अंगावर चढतच राहतात, मुद्दल तर जागचे हलतही नाही. व्याजाच्या दराचा उच्चार न करता काटकसर शिकविणे म्हणजे रांजणाच्या बुडाचे भोक सोडून झाकणाला कल्हई करणे होय. सावकारीला परवाना लागतो, असे 2014 चा कायदा सांगतो. पण वक्त्यांच्या दीड तासात ‘परवाना’ हा शब्द एकदाही आला नाही. व्यासपीठावरील मानकऱ्यांकडे पाहता तो येणे अवघडही होते.

मग घरच्या सवयींना काहीच अर्थ नाही काय? आहे. तेच पन्नास हजार बचत गटाच्या मार्गाने बँकेतून शेकडा एकने मिळाले, तर व्याज पाचशेवर येते आणि वक्त्यांचे ते सहाशे रुपये प्रथमच मुद्दलाला शंभराने शिवतात. तेव्हा आधी महागडे कर्ज उतरवावे, चहाचे मागाहून पाहू. दुसरी सवय लिहिण्याची: उचल किती, कोणत्या तारखेला, खेपेचे वजन किती, खाडे किती, हे घरातल्या बाईने स्वतःच्या हाताने मांडावे आणि वजनाच्या पावत्या पिशवीत जपाव्या. याहून मोठी तजवीज आमच्यापाशी नाही.

आमच्या शेजारच्या गल्लीतील एका बाईने या कामी मुलाच्या गणिताच्या जुन्या वहीची मागची पाने लावली आहेत. मागच्या वर्षी पट्टा पडल्यावर मुकादमाने सांगितलेली बाकी आणि तिच्या पानावरची बाकी यांत साडेचार हजारांची तफावत निघाली. “बाईमाणसाला हिशोबातलं काय कळतंय,” असे त्याने आधी म्हणून पाहिले. मग खिशातली डायरी काढली, बराच वेळ चाळली, आणि शेवटी बाहेर हाक मारून चहा सांगितला. तो चहा मात्र तिने सोडला नाही.