टपालवाला कुठे आहे?

जगबुडीतून वाचलेली एकाकी माणसे एकमेकांना पत्रे लिहितात, अशा कादंबऱ्यांचे पांढरपेशा वाचकांना मोठे कौतुक! पण ती पत्रे पोहोचवतो कोण? पत्रलेखकाचे धान्य पिकवतो कोण? लेखक श्रमिकांना आधीच पुसून टाकतो आणि त्यालाच मानवजातीचा अंत म्हणतो.

अवर्षणग्रस्त नांदगाव तालुक्याला प्रलय कल्पावा लागत नाही. १९७२च्या दुष्काळात महाराष्ट्र तगला तो खडी फोडणाऱ्या हातांवर. त्यांच्याच रेट्यातून रोजगार हमी योजना उभी राहिली. टाळेबंदीत, ८ मे २०२० रोजी, भुसावळकडे पायी निघालेले १६ मजूर करमाडजवळ रुळांवर मालगाडीखाली चिरडले गेले. प्रलयालाही वर्ग असतो!

कार्यकर्त्यांनो, दुष्काळात पांगलेल्या घरांची पोस्टकार्डे जमवा. वाचलेल्यांचा खरा पत्रव्यवहार तोच.