परसातील पक्षी आणि तांब्याभर पाणी

पक्षीनिरीक्षण हा शहरातील सुखवस्तू माणसांचा छंद, असा आपल्या समाजात समज आहे. सुटीच्या दिवशी दुर्बिणी आणि कॅमेरे घेऊन तानसा अभयारण्यात उतरणारी मंडळी पाहिली की तो अगदीच निराधार म्हणता येत नाही. परंतु ज्यांच्या परसापर्यंत रान आलेले आहे, त्या शहापूर-मुरबाडच्या मुलांनी हा आनंद पाहुण्यांवर सोपवून स्वस्थ बसावे, हे आम्हांस मान्य नाही.

डोळे, कान, एक वही आणि सकाळचा अर्धा तास, एवढे भांडवल पुरते. पातेरा उलथापालथा करीत, भांडल्यासारखे बोलत टोळीने फिरणारे सातभाई पाहावेत. नावात सात असले तरी मोजताना कधी पाच भरतात, कधी दहा. पावसाळ्याच्या तोंडावर ‘पेरते व्हा’ म्हणणारा पावशा आपण शेतकऱ्याचा सोबती मानतो. त्याची मादी मात्र या सातभाईंच्याच घरट्यात अंडे घालते आणि ते बिचारे परक्याचे पोर पोसत राहतात. शिंपी पक्षी पान शिवून घरटे करतो. तांबट भर दुपारी टुकटुक करीत असतो, आणि आवाज ऐकूनही तो उंबराच्या पानांत सापडता सापडत नाही. या शोधाशोधीतला आनंद कोणत्याही पडद्यावर मिळत नाही.

इतिहासाचे शिक्षक म्हणून आम्हांस यात आणखी एक गोष्ट मोलाची वाटते. आपल्या लोकांना पक्षी ठाऊक होते, पण त्या ओळखीवर शकुनांचा पडदा होता. घुबड दिसले की मरण, टिटवी ओरडली की अरिष्ट, कावळा पिंडाला शिवला की पितर तृप्त! १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे बाबासाहेबांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांमध्ये श्राद्धपक्ष व पिंडदान न करण्याची प्रतिज्ञा आहे. आमच्या मते त्या दिवशी आपल्याबरोबर कावळाही मोकळा झाला. टिटवी ओरडते ती जमिनीवरील तिच्या अंड्यांजवळ कोणी आले म्हणून. धम्माला ‘एहिपस्सिको’ म्हटले आहे: या आणि स्वतः पाहा. पक्षी पाहणाऱ्याला दुसरे काय करायचे असते?

घुबडाचेच उदाहरण घ्या. रानपिंगळा हे लहानसे घुबड १८८४ नंतर कोणाला खात्रीने दिसले नव्हते. ते नामशेष झाले असे अभ्यासक मानू लागले होते. १९९७ साली शहाद्याजवळच्या रानात ते पुन्हा आढळले आणि २०१४ साली आपल्या तानसाच्या जंगलातही त्याची नोंद झाली. ज्या पक्ष्याला अभद्र म्हणून आपण दगड मारतो, त्याच्या कुळातील एकाला पाहण्यासाठी लोक दूरदुरून शहापूरला येतात.

परसात पक्षी यावेत, तर दाण्याआधी पाणी ठेवावे. मातीचे पसरट परळ, त्यात दोन बोटे पाणी, मध्ये बसायला एक दगड. जागा सावलीची, मात्र मांजराला दबा धरता येणार नाही अशी. पाणी रोज बदलावे आणि परळ घासावे, नाहीतर डास होतात. हे लिहिताना लेखणी थोडी अडखळते. तानसा आणि भातसा मुंबईची तहान भागवतात, आणि त्याच शहापूर तालुक्यातील पाडे उन्हाळ्यात टँकरची वाट पाहतात. ज्या घरी पाणी डोक्यावरून येते, त्या माउलीला पाखरांसाठी तांब्याभर पाणी वेगळे काढा, असे आम्ही सांगणार नाही. ते काम शाळेचे, वसतिगृहाचे, नळ असलेल्या घराचे. पाड्यावर हातपंपाखाली एक खोलगट दगड ठेवला तरी सांडलेल्या पाण्यावर पाखरांचे भागते.

२०१० पासून २० मार्च हा जागतिक चिमणी दिवस म्हणून पाळला जातो. आपल्याला ही तारीख वेगळी सांगावी लागत नाही. १९२७ साली याच तारखेला महाडच्या चवदार तळ्यावर बाबासाहेबांनी ओंजळभर पाणी घेतले. गुराढोरांना, पाखरांना जे तळे खुले होते, ते माणसांना बंद होते. त्या दिवशी आपल्या शाळेत अभिवादनानंतर प्रत्येक झाडाखाली एक परळ भरले जावे, अशी आमची सूचना आहे.

चिमणीसाठी मूठभर तांदूळ टाकून काम संपत नाही. तिची पिले प्रामुख्याने किडे-अळ्यांवर वाढतात. परसातल्या भाजीवर विषारी फवारणी केली की तीच उपाशी राहतात. कौले जाऊन स्लॅब आले, तशा घरट्याच्या फटीही गेल्या. राबासाठी पातेरा लागणारच, पण परसाच्या एका कोपऱ्यातला तेवढा राहू द्यावा. कुंपणाला तारेऐवजी करवंदीची जाळी असावी. बांधावरचा उंबर, पांगारा, काटेसावर तोडू नयेत. दुकानातून टांगते पिंजरेवजा खाद्यपात्र आणण्यापेक्षा एक उंबर कितीतरी अधिक पाखरे जेवू घालतो. आपला राज्यपक्षी हरियल त्याच फळांवर येतो.

राहिला प्रश्न गलोलीचा. नेम धरणाऱ्या मुलाला नुसते दटावू नये. त्याच्या हाती वही द्यावी. कोणता पक्षी कोणत्या फांदीवर केव्हा बसतो, हे त्याला गुरुजींहून अधिक ठाऊक असते. कातकरी, ठाकर घरांतून येणाऱ्या मुलांपाशी तर पाखरांची स्वतःची नावे आहेत, जी आमच्या पुस्तकांत नाहीत. पालकांना विनंती एवढीच की, यंदा मुले सुटीवर घरी आली म्हणजे आजी-आजोबांकडून ती नावे त्यांना लिहून घेऊ द्यावीत. शाळा उघडल्यावर आम्ही ती फळ्यावर, छापील नावांच्या शेजारी, लिहिणार आहोत.