उताऱ्यांची अभिरुची आणि अखंड कादंबरी

किशोरवयीन विद्यार्थ्यांच्या हाती कोणती कादंबरी द्यावी, या प्रश्नाचे आपल्याकडील ठरीव उत्तर ‘संस्कारक्षम’ हे आहे. या एका विशेषणाने मराठीच्या वर्गातील वाचनाची जेवढी हानी केली, तेवढी दूरदर्शननेही केली नसेल. शालेय पाठ्यपुस्तकात कादंबरी प्रवेश करते तीच मुळी उताऱ्याच्या रूपाने. पात्राशी ओळख होते न होते तोच स्वाध्याय सुरू होतो.

‘श्यामची आई’चे काय केले गेले ते पाहावे. 1933 साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलेले, 1935 साली प्रसिद्ध झालेले हे पुस्तक रात्रीमागून रात्र सांगितलेल्या आठवणींचे आहे. उद्याच्या रात्रीची उत्सुकता हा त्याच्या रचनेचा प्राण. वर्गात मात्र त्यातली एक रात्र सुटी काढून तिला बोधाचे शेपूट जोडले जाते. साने गुरुजी 1924 ते 1930 या काळात अमळनेरच्या शाळेत शिक्षक असताना वसतिगृहातील मुलांसाठी ‘छात्रालय दैनिक’ हाताने लिहून काढीत. मुलांनी वाचावे म्हणून लिहिणारा हा शिक्षक निदान खानदेशाने तरी विसरू नये.

जळगाव-धुळ्याच्या अकरावीसाठी ‘कोसला’ (1963) का नको? भालचंद्र नेमाडे सांगवीचे, म्हणून ती निवडावी असे नाही. तसला जिल्हाभिमान समीक्षेच्या कामाचा नसतो. गावाकडून पुण्याच्या कॉलेजात गेलेला, पैशांचे आणि प्रतिष्ठेचे हिशेब चुकत गेलेला पांडुरंग सांगवीकर हा त्या वर्गातील कित्येकांचा दोन वर्षांनंतरचा चेहरा आहे. त्याचे ‘वगैरे’ आणि ‘उदाहरणार्थ’ प्रथम हसवतात. छापील मराठी अशीही बोलू शकते, हा शोध त्या हसण्यात असतो. पुढे देवीच्या साथीत मनी जाते आणि तेच हसू घशात अडकते.

नायक नापास होऊन गावी परततो, वडिलांशी त्याचे पटत नाही, मग आदर्श कोणता, असा आक्षेप घेतला जातो. नापास होण्याची धास्ती बाळगणाऱ्या सतरा वर्षांच्या वाचकापासून नापास नायक लपवणे हा शुद्ध भित्रेपणा होय. कादंबरीचा उत्तरार्ध या वयाला जड जातो, हा दुसरा आक्षेप मात्र खरा आहे. त्यावर उपाय म्हणून पुन्हा उतारे काढू नयेत. मनीचे प्रकरण शिक्षकाने मोठ्याने वाचावे, पुस्तक अखंड मुलांच्या हाती द्यावे, आणि कंटाळा येईल तेथे पाने उलटण्याची मोकळीक त्यांना असावी. परीक्षेत त्यावर एकही प्रश्न नसावा. निदान पहिली दोन वर्षे.