मुलांचे अभिप्राय आणि आपण

शाळेंतील मुलांना 'तुम्हांस आवडलेली कादंबरी' ह्या विषयावर निबंध लिहावयास सांगितला असतां त्यांपैकीं बहुतेक निबंध एकाच सांच्यांतून काढल्यासारखे दिसतात. पुस्तकें निराळीं, लेखक निराळे. अभिप्राय मात्र एकच. भाषा ओघवती आहे, प्रसंग हृदयस्पर्शी आहेत, स्वभावचित्रें हुबेहूब उतरलीं आहेत, आणि पुस्तक बोधप्रद असल्यामुळें प्रत्येकानें तें अवश्य वाचावें! कादंबरी ऐतिहासिक असो, सामाजिक असो वा साहसाची असो, हीं चार वाक्यें तिला बसवितां येतात. ज्या मुलानें पुस्तक रात्रीं पांघरुणाखालीं विजेरी लावून संपविलें त्याचा निबंध आणि ज्यानें केवळ मलपृष्ठ वाचलें त्याचा निबंध, ह्यांत भेद करणें तपासणाऱ्यास कठीण जातें. ही गोष्ट दिसते तितकी क्षुल्लक नाहीं. असा निबंध लिहितांना मूल भाषा शिकत नाहीं. मनांत एक असतां कागदावर दुसरें लिहावें, हें मात्र तें शिकतें.

ह्याचा दोष मुलांकडे फारसा जात नाहीं. मोठ्या माणसांस कोणतें उत्तर आवडतें हें मूल फार लवकर ओळखतें, आणि ज्याच्या हातीं गुण देणें आहे त्याला आवडेल तेंच लिहितें. पूर्वीं अशीं उत्तरें मार्गदर्शक पुस्तकांतून पाठ केलीं जात. आतां यंत्रास प्रश्न घातला कीं न वाचलेल्या कादंबरीविषयींहि सफाईदार अभिप्राय क्षणार्धांत हातीं पडतो. तयार अभिप्राय इतका स्वस्त झाल्यामुळें मुलाच्या स्वतःच्या अभिप्रायाचें मोल उलट वाढलें आहे, असें मी समजतों. तो ओबडधोबड असेल, त्यांत शुद्धलेखनाच्या चुका असतील. पण तो त्याचा आहे, आणि दुसऱ्या कोणापाशीं तो मिळावयाचा नाहीं.

'लहान मुलांच्या मताला महत्त्व तें काय?' असें विचारणाऱ्यांस एक खरी हकीकत सांगण्यासारखी आहे. 1936 सालीं लंडन येथील प्रकाशक स्टॅन्ले अन्विन ह्यांच्याकडे एका प्राध्यापकानें लिहिलेल्या अद्भुत कथेचें हस्तलिखित आलें. मुलांच्या पुस्तकाची पारख मुलांनींच करावी, असें अन्विन ह्यांचें मत होतें. त्यांनीं तें आपल्या दहा वर्षांच्या मुलास, रेनर ह्यास, वाचावयास दिलें आणि लेखी अभिप्रायाबद्दल त्यास एक शिलिंग दिला. रेनरनें कथा थोडक्यांत सांगितली. पुस्तक चांगलें आहे असें लिहिलें. नकाशे असल्यामुळें चित्रांची जरूरी नाहीं असें सुचविलें. आणि पांच ते नऊ वर्षांच्या मुलांना तें आवडेल असा निर्वाळा दिला. स्वतः दहा वर्षांचा असल्यामुळें आपण आतां त्या वयाच्या पलीकडे गेलों, अशी त्याची समजूत असावी! तें पुस्तक म्हणजे टोल्किन ह्यांचें 'द हॉबिट'. 1937 सालीं तें प्रसिद्ध झालें आणि आजहि जगभर वाचलें जात आहे. पुस्तकांत चित्रें घातलीं गेलीं, आणि नऊ वर्षांवरील असंख्य वाचकांनीं तें वाचलें. म्हणजे मुलाचे दोन अंदाज चुकले. परंतु मुख्य गोष्ट, पुस्तक चांगलें आहे ही, त्यानें बरोबर ओळखली. आणि बापानें ती ऐकून घेतली.

दुसरें उदाहरण स्टीव्हन्सन ह्यांच्या 'ट्रेझर आयलंड' ह्या कादंबरीचें. 1881 सालीं स्कॉटलंडांत, पावसामुळें घरांत बसून राहावें लागे अशा दिवसांत, आपल्या शाळकरी सावत्र मुलाच्या संगतींत त्यांनीं एका काल्पनिक बेटाचा नकाशा रंगविला आणि त्यावरून ही गोष्ट त्यांस सुचली. लिहून झालेलें प्रकरण घरांत मोठ्यानें वाचलें जाई. लेखकाचे वृद्ध वडीलहि उत्साहानें सूचना करीत. गोष्टींत स्त्रिया नसाव्यात, अशी त्या मुलाची अट होती, आणि ती बहुतांशीं पाळली गेली. आमच्या वर्गांतील एका मुलीनें ही कादंबरी वाचून परवां म्हटलें, "जहाजावर एकहि मुलगी नाहीं, मग वाचतांना मीं कोणाच्या जागीं उभें राहावें?" तिला ह्या अटीची कांहींच माहिती नव्हती. तरी तिचें बोट नेमकें त्याच जागेवर पडलें. मोठमोठ्या टीकाकारांस जें सांगावयाला पानेंच्या पानें लागतात तें ह्या मुलीनें एका वाक्यांत सांगितलें, कारण तें तिला स्वतःला खुपलें होतें.

आपल्या मराठी कादंबरीकडे वळलें तर असें दिसतें कीं, ती जन्मली तीच मुळीं वाचकाचें मत मागण्यासाठीं. बाबा पदमनजी ह्यांचें 'यमुनापर्यटन' 1857 सालीं प्रसिद्ध झालें. मराठींतील पहिली कादंबरी म्हणून त्याचा उल्लेख केला जातो. विधवांची हलाखी लोकांपुढें मांडावी हा ग्रंथकर्त्याचा हेतु उघड आहे. पुढें हरि नारायण आपटे ह्यांनीं 1890 सालीं सुरू झालेल्या आपल्या 'करमणूक' साप्ताहिकांतून जी कादंबरी क्रमशः प्रसिद्ध केली तिच्या नांवांतच वाचकास विचारलेला प्रश्न आहे: 'पण लक्षांत कोण घेतो?' यमू आपली कथा आपल्याच तोंडानें सांगते. तिचें लहानपण, सासर, पतीनें तिला आवडीनें शिकविणें, त्याचा मृत्यु, आणि नंतर तिच्या इच्छेविरुद्ध झालेलें केशवपन, हें वाचून आमच्या दहावींतील एक मुलगी रागावून म्हणाली, "ही प्रतिकार कां करीत नाहीं?" दुसरीनें उलट विचारलें, "ती जाणार कोणाकडे?" ह्या दोन प्रश्नांतून वर्ग पुढें गेला. विधवांच्या पुनर्विवाहास 1856 सालींच कायद्यानें मान्यता मिळाली होती, आणि कादंबरी प्रसिद्ध होत असतांनाच, 1891 सालीं, संमतिवयाचा कायदा झाला होता. मग कायदा असूनहि यमूच्या घरांत तो कां पोंचला नाहीं, ह्याचा विचार मुली करूं लागल्या. 'स्त्रियांच्या दुःखाचें हृदयद्रावक चित्र' असें लिहून ज्यांनीं वही मिटली असती, त्यांच्या हातीं हें कांहींच लागलें नसतें.

परंतु मतभेदाची खरी कसोटी लागते ती सर्वांस पूज्य वाटणाऱ्या पुस्तकाच्या वेळीं. साने गुरुजींनीं 1933 सालीं नाशिकच्या तुरुंगांत लिहिलेली 'श्यामची आई' 1935 सालीं प्रसिद्ध झाली. तिला कादंबरी म्हणा वा आत्मकथा म्हणा. महाराष्ट्रांत ती घरोघर पोंचली आहे. तींत असा एक प्रसंग आहे कीं, पोहावयास जाण्याच्या भीतीनें श्याम लपून बसतो, आणि आई त्यास शोधून, मारून विहिरीवर पाठविते. हा प्रसंग वाचल्यावर सातवींतील एक मुलगा म्हणाला, "आईनें मारावयास नको होतें." वर्ग एकदम स्तब्ध झाला, ह्या पुस्तकाविरुद्ध बोलावयाचें असतें हेंच मुलांना ठाऊक नव्हतें. त्या मुलास गप्प बसविण्याऐवजीं तें पान सर्वांनीं पुन्हां उघडलें. दुसऱ्या एका मुलानें पुढचा भाग दाखविला: आपल्या मुलाला लोकांनीं भित्रा म्हणावें हें त्या माउलीला सहन होत नव्हतें, आणि मारल्याचें दुःख श्यामपेक्षां तिलाच अधिक झालें होतें. पहिल्यानें तें ऐकून घेतलें व म्हटलें, "मग हें तिनें आधींच समजावून सांगितलें असतें तर?" ह्यावर दोन्ही बाजूंनीं बराच वेळ बोलणें झालें. कोणीहि हरला नाहीं. श्यामच्या आईविषयींचा आदरहि कमी झाला नाहीं. उलट ती देव्हाऱ्यांतून उतरून घरांतील माणसासारखी मुलांच्या जवळ आली.

ही हकीकत समजल्यावर एका पालकांनीं मला विचारलें, "अशानें मुलें उद्यां आपल्याच आईबापांचा न्याय करूं लागणार नाहींत काय?" शंका रास्त आहे आणि तिला टाळतां येणार नाहीं. माझें उत्तर असें कीं, मुलें आपला न्याय आजहि करीतच असतात. फक्त मुक्यानें करतात. मुका न्याय फार कठोर असतो, कारण त्यांत दुसऱ्या बाजूस बोलावयास मिळत नाहीं. श्यामच्या आईविषयीं चार मुलांपुढें बोलतांना मुलास कारण द्यावें लागतें, दुसऱ्याचें ऐकावें लागतें, आणि आईच्याहि मनांत कांहीं असतें हें कळतें. घरांत जें बोलतां येत नाहीं तें कादंबरीच्या आडून बोलतां येतें. ज्या घरांत मुलाला पुस्तकांतील आईविषयीं निर्भयपणें बोलतां येतें, त्या घरांत तें आपल्या संकटाच्या वेळीं खऱ्या आईशींहि बोलेल.

एकाचें मत दुसऱ्याच्या मताशेजारीं ठेवल्यानें दोघांचाहि लाभ होतो, ह्याचें आणखी एक उदाहरण देतों. व्यंकटेश माडगूळकर ह्यांची 'बनगरवाडी' 1955 सालीं प्रसिद्ध झाली. माणदेशांतील धनगरांच्या वाडीवर एक तरुण मास्तर येतो, बंद पडल्यासारखी झालेली शाळा सुरू करतो, गांव मिळून तालीम बांधतो, आणि शेवटीं दुष्काळ पडून वाडी ओस पडते. एका मुलानें सरळ लिहिलें कीं, ह्या पुस्तकांत कांहींच घडत नाहीं. वर्गांतील एका मुलीनें मात्र घरीं आजोबांना तें वाचून दाखविलें होतें. त्यावरून आजोबांस 1972 चा दुष्काळ आठवला. दुष्काळी कामावर खडी फोडल्याचें आणि तेथें मिळणारी सुकडी खाल्ल्याचें त्यांनीं नातीस प्रथमच सांगितलें. तिनें हें वर्गांत सांगितल्यावर त्या मुलानें शेवटचीं पानें पुन्हां वाचलीं. त्यानें आपलें मत पूर्ण बदललें नाहीं. आरंभ संथ आहे, असेंच तो म्हणत राहिला. परंतु शेवट विसरतां येत नाहीं, अशी एक ओळ त्यानें जोडली. मला ती ओळ पुष्कळ 'उत्कृष्ट' निबंधांहून अधिक मोलाची वाटते.

ह्याचा अर्थ असा नव्हे कीं, मुलाच्या तोंडून निघेल तें मत खरेंच मानावें. 'कंटाळवाणें' हें मत नव्हे. ती केवळ जांभई आहे. 'मस्त' हेंहि मत नव्हे. कंटाळा कोठें आला, कोणत्या पानावर पुस्तक खालीं ठेवावेंसें वाटलें, कोणाचें बोलणें खोटें वाटलें, हें सांगतां आलें म्हणजे मताचा आरंभ झाला. तेव्हां विद्यार्थ्यांनो, चार गोष्टी पाळा. पुस्तक पुरें वाचल्याखेरीज त्यावर निकाल देऊं नका. जें म्हणाल त्यास पुस्तकांतील जागा दाखवा. दुसऱ्याचें बोलणें संपेपर्यंत थांबा. आणि मत बदललें तर तें बदललें असें मोकळ्या मनानें सांगा. त्यांत कमीपणा नाहीं. एखाद्यास 'फास्टर फेणे' आवडतो आणि हरिभाऊ आपटे आवडत नाहींत, तर त्यानें तसें म्हणावें. फक्त कां तें सांगावें. खोट्या स्तुतीपेक्षां खरी नापसंती लेखकासहि अधिक मानाची आहे.

शाळेनें काय करावें? महिन्यांतून एक तास ह्यासाठीं ठेवावा आणि त्यास गुण देऊं नयेत. गुण आले कीं जुनीं चार वाक्यें परत येतील. ग्रंथालयांतील कादंबरीच्या शेवटीं एक कोरा कागद चिकटवावा, आणि ती वाचणाऱ्या प्रत्येकानें त्यावर दोन-तीन ओळी लिहून खालीं इयत्ता व वर्ष घालावें. पुढील वर्षीं तें पुस्तक घेणाऱ्या मुलास आपल्या आधीं तेथून कोण गेलें, तें कोठें थांबलें, कोठें रागावलें, हें दिसेल. ह्यास खर्च कांहींच नाहीं.

पालकांकडे मागणें त्याहूनहि थोडें आहे. मुलानें पुस्तक मिटलें कीं 'ह्यांतून बोध काय घेतलास?' हा प्रश्न आपण सवयीनें विचारतों, आणि तो ऐकतांच मूल पाठ केलेलें उत्तर देतें. त्याऐवजीं जेवतांना सहज विचारावें, "तूं कोणाच्या बाजूनें होतास?" उत्तर लांबेल, कदाचित् आपल्यास रुचणार नाहीं, ताटांतील भात निवेल. तरी तें शेवटपर्यंत ऐकावें. आणि शक्य असेल तर तेंच पुस्तक आपणहि वाचावें, म्हणजे आपलेंहि मत मुलास सांगतां येईल, आणि त्यालाहि आपल्याला कारण विचारतां येईल.