बारभाईंची बदनामी

सोसायटीच्या सभेत पाण्याच्या टाकीचा विषय तासभर चघळून ठराव काही होत नाही, तेव्हा कोणीतरी म्हणतंच, ‘सगळा बारभाईचा कारभार!’ हशा पिकतो, सभा उठते. लग्नघरातल्या आमटीत तिघांनी मीठ घातलं तरी हाच शेरा. हुकूम सोडणारे ढीगभर, निस्तरणारा कोणी नाही, हा अर्थ आता पक्का झाला आहे. ज्यांच्यामुळे हे नाव इतिहासात गाजलं, त्यांच्यावर मात्र तो धडधडीत अन्याय आहे.

३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात गारद्यांनी नारायणराव पेशव्यांचा खून केला आणि चुलते रघुनाथराव पेशवे झाले. त्यांना दूर सारायला सखारामबापू बोकील, नाना फडणीस, हरिपंत फडके, त्रिंबकराव पेठे असे मुत्सद्दी आणि सरदार एकत्र आले. तेच बारभाई. नारायणरावांची पत्नी गंगाबाई गरोदर होती. तिला पुरंदरावर नेऊन त्यांनी तिच्या नावानं कारभार सुरू केला. मुलगा होईल की मुलगी, मूल जगेल की नाही, कशाचीच शाश्वती नव्हती. तरी ते मागे हटले नाहीत. पेठे तर रघुनाथरावांशी लढताना कामी आले. १८ एप्रिल १७७४ रोजी मुलगा झाला आणि चाळीस दिवसांच्या सवाई माधवरावांना पेशवाईची वस्त्रं मिळाली.

रघुनाथरावांनी इंग्रजांचा आसरा घेतला. जानेवारी १७७९ मध्ये मुंबईची फौज घाट चढून तळेगावला पोचली, तेव्हा मराठ्यांनी आपलाच मुलूख जाळून ठेवला होता. दाणावैरण मिळेना. जड तोफा तळ्यात टाकून फौज रातोरात माघारी फिरली आणि वडगावला तिला शरणागती पत्करावी लागली.

बारभाईंत हेवेदावे नव्हते असं मुळीच नाही. मोरोबा फडणीस उलटले, सखारामबापूंचा शेवट कैदेत झाला, सत्ता अखेर नानांच्या हाती एकवटली. पण राज्य बुडवायला निघाला होता तो एका माणसाचा हट्ट, आणि सावरलं ते अनेकांच्या मसलतीनं. १७८२ च्या सालबाईच्या तहानं रघुनाथरावांचा दावा संपला. पुढची वीस वर्षं मराठे आणि इंग्रज यांच्यात युद्ध झालं नाही. फसलेल्या सभेला नाव ठेवायचंच असेल, तर दुसरं शोधावं.