आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी

ताप आला की प्रतिजैविक, शस्त्रक्रिया झाली की प्रतिजैविक आणि रोगाचा पत्ता लागेना तरीही प्रतिजैविकच, असा आपल्या इस्पितळांचा शिरस्ता होऊन बसला आहे. हा आमचा कल्पनाविलास नव्हे. राष्ट्रीय रोग नियंत्रण केंद्राने नोव्हेंबर २०२१ ते एप्रिल २०२२ या काळात देशातील २० मोठ्या वैद्यकीय संस्थांची पाहणी केली. तीत सुमारे ७२ टक्के रुग्णांना प्रतिजैविके दिली जात असल्याचे आढळले. त्यांतील निम्म्याहून अधिक औषधे संसर्ग झाला म्हणून नव्हे, तर तो होऊ नये म्हणून दिलेली! नेमका जंतू ओळखून औषध दिल्याची उदाहरणे सहा टक्क्यांच्या आसपासच होती.

डॉक्टरांवर सरसकट ठपका ठेवण्याची आमची इच्छा नाही. रक्तात विष भिनलेल्या रुग्णाच्या बाबतीत अहवालाची वाट पाहत बसणे जिवावर बेतू शकते. परंतु औषध सुरू करण्यापूर्वी रक्ताचा नमुना तपासणीस पाठवता येतो आणि दोन-तीन दिवसांत अहवाल हाती आल्यावर औषध बदलता वा थांबवता येते. हा फेरविचार टळतो, तेथेच अनर्थास आरंभ होतो.

या अनर्थाची किंमत कोण मोजतो? भारी इंजेक्शनांचे बिल चुकवण्यासाठी घरातले सोने गहाण टाकणारे कुटुंब! औषधास दाद न देणारे जंतू बळावले की इस्पितळातील मुक्काम लांबतो, आणखी महागडे औषध येते आणि अखेरीस कोणतेच औषध उरत नाही.

पेनिसिलीनचा शोध लावणाऱ्या फ्लेमिंग यांनी १९४५ साली नोबेल पारितोषिक स्वीकारतानाच, अपुऱ्या मात्रेने जंतू निर्ढावतील, असा इशारा दिला होता. आपल्याकडे २०१४ पासून अनेक प्रतिजैविकांच्या विक्रीची स्वतंत्र नोंद ठेवण्याचे बंधन औषधविक्रेत्यांवर आहे. २०१७ साली राष्ट्रीय कृती आराखडाही आला. मात्र दुकानातील नोंदवही रुग्णाच्या खाटेपर्यंत पोहोचत नाही.

म्हणून आमची मागणी साधी आहे. बांबोळीच्या वैद्यकीय महाविद्यालयापासून खासगी इस्पितळांपर्यंत सर्वांनी प्रतिजैविकांचा खप आणि खर्च दरवर्षी जनतेपुढे मांडावा. जिल्हा इस्पितळांतील प्रयोगशाळांना पुरेसे तंत्रज्ञ मिळावेत. रुग्णांच्या आप्तांनीही ‘जोरदार औषध द्या’ असा हट्ट सोडावा. आजच्या उधळपट्टीचे कर्ज उद्या आपल्या मुलाबाळांना प्राणांनी फेडावे लागू नये.