रुमालात बांधलेला वारसा

जुलै २०२५ मध्ये मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारशाच्या यादीत गेले. त्याचा आनंद रास्तच होता. पण गडावर शिबंदी किती होती, धान्य कोणत्या गावाहून येई, तटाच्या डागडुजीला काय खर्च पडला, हे दगड सांगत नाहीत. मोडी लिपीतले कागद सांगतात. पुण्याच्या पेशवे दफ्तरात ते रुमालांत बांधून ठेवले आहेत, तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयातही मोडी कागद आहेत. रियासतकार सरदेसायांनी १९३०च्या दशकात पेशवे दफ्तरातून ४५ खंड छापले, पण ती निवड होती. बाकीच्या ढिगाला अजून वाचक हवा आहे. युनेस्कोच्या २००३च्या करारानेही ज्ञान आणि कौशल्य यांना वारसा मानले आहे, आणि माझ्या मते मोडी वाचता येणे हे तसेच कौशल्य आहे. कागद जपला आणि वाचणारा गमावला, तर हाती उरते ती रद्दी.

यावर म्हटले जाते की, कागदांची छायाचित्रे घ्या, पुढचे यंत्र वाचेल. छायाचित्रे घ्यावीतच, वाळवी कोणासाठी थांबत नाही. पण मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळला जात नाही, बोरू न उचलता लिहिल्याने अक्षरे एकमेकांत शिरतात आणि दर कारकुनाचे वळण निराळे. तारखेच्या जागी नुसता 'छ' असतो, म्हणजे चंद्र; पुढे मुसलमानी महिना आणि अरबी शब्दांत सांगितलेले साल. अक्षर लागले तरी अर्थ लागेलच असे नाही. शिवाय यंत्राला शिकवायचे, तर आधी जाणत्याने वाचलेले हजारो कागद हवेत.

हे सारे इतिहासकारांचे काम, इतरांना त्याचे काय, असेही कुणी विचारेल. २०२३ मध्ये कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला तेव्हा गावोगावच्या जुन्या दप्तरांसाठी मोडी जाणणाऱ्यांची शोधाशोध करावी लागली. आज हयात असलेल्या माणसाचा जातीचा दाखला पणजोबाच्या नोंदीवर अडला होता. ही वेळ आली, कारण छपाईला बाळबोध, म्हणजे देवनागरी, सोयीची पडली आणि विसाव्या शतकाच्या मध्यानंतर मोडी शाळेतून गेली. ती पुन्हा सर्वांना सक्तीची करा, असे माझे म्हणणे नाही. पण हौशी वर्ग भरवून हे भागणार नाही. तरुणाने वर्षे घालून मोडी शिकावी, तर पुढे त्याला पगार हवा. प्रत्येक जिल्ह्याच्या अभिलेख कक्षात मोडी वाचकाचे एक कायम पद निर्माण करा, आणि आज जे जाणते म्हातारे आहेत त्यांच्या हाताखाली पहिली तुकडी याच वर्षी बसवा.